पहिल्यांदाच गालिचा घेतोय – काश्मिरी की भदोही, लोकर की सिल्क? आणि खरा ओळखायचा कसा?

चिमणपाखरू

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय इथे, आज प्रश्न घेऊन आलेय. दिवाळीत कोथरूडला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, हॉल साधारण ११ बाय १४ चा, खाली पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स, सोफा झाला पडदे झाले पण हॉल अजून कोरडाच वाटतो आणि आवाज घुमतो तो वेगळाच. आम्हा दोघांचंही मन खूप दिवसांपासून एका खऱ्या, हाताने विणलेल्या गालिच्यावर आहे. मे महिन्यात श्रीनगरला जातोय म्हणून तिथूनच घ्यावा असं ठरवत होतो, पण नेटवर बघायला लागले आणि गोंधळ वाढला. ५ बाय ८ चा 'हँडमेड पर्शियन कार्पेट' एकीकडे ७ हजाराला आणि दुसरीकडे पावणेतीन लाखाला, फोटोत दोन्ही लाल, दोन्हींच्या मधोमध तीच मोठी पदकासारखी नक्षी, मला तरी काही फरक कळला नाही.

बजेट ६०-७० हजार, फारच आवडला तर ७५ पर्यंत ताणू. घरात ४ वर्षांचा मुलगा आहे म्हणजे दूध सांडणार, खडू घासले जाणार. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना सरकणारं काही पायाखाली नकोय. सिल्क घ्यावं की लोकर? काश्मिरी घ्यावा की भदोहीचा? दुकानात गेल्यावर नेमकं बघायचं काय? आणि पुण्याच्या पावसाळ्यात टिकेल का? ज्यांच्या घरी आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

ताणाबाणा

चिमणपाखरू, माझी बरीचशी नोकरी गालिचे एक्स्पोर्टला जायच्या आधी तपासण्यात गेली, भदोही, मिर्झापूर, आग्रा, जयपूर या पट्ट्यात, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, बिलावर 'हँडमेड' दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, विचारायचं ते 'हँड-नॉटेड आहे का'. कारण हँडमेडमध्ये टफ्टेड गालिचेही येतात. टफ्टेड म्हणजे चौकटीवर कापड ताणून त्यावर नक्षी काढतात, हातातल्या गनने त्यात लोकर टोचत जातात, मागून लॅटेक्सचा गोंद फासतात आणि तो गोंद झाकायला वरून आणखी एक कापड चिकटवतात. काम हातानेच होतं, त्यामुळे दुकानदार खोटं बोलत नाही, पण त्यात गाठ एकही नसते, सगळा भार त्या गोंदावर. काही वर्षांनी गोंद वाळतो, खाली पिवळसर भुगा पडायला लागतो, दमट हवेत वास येतो, आणि असा गालिचा नीट धुताही येत नाही. स्वस्तातला म्हणून माहिती असून घेतला तर हरकत नाही, फक्त हँड-नॉटेडच्या किमतीत घेऊ नका.

हँड-नॉटेडमध्ये मागावर सुती ताणा म्हणजे उभे धागे ताणलेले असतात, त्याच्या दोन-दोन धाग्यांना लोकरीची एकेक गाठ मारत जायचं, ओळ संपली की बाणा म्हणजे आडवा धागा टाकायचा, पंजाने म्हणजे कंगव्यासारख्या अवजाराने ठोकून घट्ट बसवायचा, मग पुढची ओळ. पूर्ण गालिचा असाच वर चढत जातो. म्हणून दुकानात गेल्यावर पुढची बाजू बघण्यात वेळ घालवू नका, सरळ कोपरा धरा आणि उलटा करा. मागे कापड चिकटवलेलं असेल तर टफ्टेड. मागेही तीच नक्षी तितक्याच स्पष्ट रंगांत दिसत असेल, ओळी किंचित वाकड्यातिकड्या, एखादी गाठ बारीक एखादी जाड, तर हाताची. मागची वीण आखल्यासारखी एकसारखी असेल, कडेची शिलाई मशीनची असेल आणि झालर वेगळी शिवून लावलेली असेल तर पॉवरलूम. हँड-नॉटेडची झालर म्हणजे त्या ताण्याचीच उरलेली टोकं असतात, ती गालिच्याच्या आतूनच बाहेर आलेली दिसतात. नंतर पुढच्या बाजूने लव, म्हणजे वर उभे राहिलेले लोकरीचे तंतू, बोटांनी फाकवून बघा, मुळाशी धाग्याला गुंडाळलेली गाठ दिसेल.

गाठी मोजायच्या तर मागच्या बाजूला पट्टी ठेवून एका इंचात आडव्या किती उभ्या किती ते मोजा आणि गुणाकार करा. एकच सावधगिरी, काही विणींमध्ये एका गाठीचे मागे दोन दाणे दिसतात आणि मोजणारा दुप्पट मोजून बसतो, म्हणून नक्षीतली सगळ्यात बारीक एका रंगाची उभी रेघ शोधा, तिची रुंदी म्हणजे सहसा एक गाठ. आणि लबाडीचा एक जुना प्रकार असतो, जुफ्ती, म्हणजे दोनच्या जागी चार ताण्यांवर एक गाठ मारायची, काम निम्म्यात होतं पण लव विरळ पडते आणि गालिचा लवकर झिजतो. लव दाबून बघा, बोट लगेच तळाला लागत असेल तर पुढचा दाखवा म्हणा.

पण गाठींच्या आकड्याच्या फार मागेही लागू नका हो. आकडा नाजूक नक्षीसाठी लागतो. इराणच्या हेरीझ भागातले गालिचे गाठींनी फार बारीक नसतात पण टणक लोकरीमुळे पिढ्यानपिढ्या पायाखाली टिकतात. लोकर कशी आहे ते जास्त महत्त्वाचं. मूठभर लव चोळून बघा, किंचित तुकतुकीत आणि स्निग्ध लागली तर उत्तम, केसांसारखी कोरडी, ठिसूळ लागली तर ती बहुतेक कातडी कमावताना चुन्याने वगैरे काढलेली लोकर, ती भराभर गळते. चांगला नवा गालिचाही पहिले काही महिने थोडी लव सोडतोच, त्याने घाबरू नका.

तुमच्या घरासाठी माझं स्पष्ट मत: सुती ताण्यावरची लोकर, सिल्क नको. मूल लहान आहे, हॉल रोजचा वापरातला आहे, आणि लोकरीत निसर्गतःच स्निग्धपणा असल्याने सांडलेलं लगेच आत शिरत नाही, टिपून घ्यायला वेळ मिळतो.

जर्सीवाली

ताणाबाणा, किती छान समजावलंत, मी हे सेव्ह करून ठेवलं.

चिमणपाखरूताई, 'पर्शियन' बद्दल थोडं लिहिते. भारतात पर्शियन म्हणून जे विकलं जातं त्यातलं बहुतेक इराणहून आलेलं नसतं, डिझाइन तिकडचं असतं. काशान, तब्रीझ, हमदान, कुम, नाईन ही इराणमधली गावं, प्रत्येकाची आपापली नक्षी, आणि त्याच नक्ष्या काश्मीर, आग्रा, भदोही, पाकिस्तान सगळीकडे विणतात. त्यात गैर काही नाही, काश्मीरमध्ये तर विणकर स्वतःच 'हा काशान, हा हमदान' असं म्हणतात. फक्त दुकानदाराला सरळ विचारायचं की विणला कुठे, आणि ते बिलावर लिहून घ्यायचं. बुखाराचंही तसंच, ते लाल जमिनीवरचे अष्टकोनी ठसे तुर्कमेन लोकांचे, पण आज बुखारा नावाने जे मिळतात त्यातले कितीतरी पाकिस्तानात विणलेले असतात.

इकडे अमेरिकेत तर ऑगस्ट २०१८ पासून इराणी गालिचे आयात करायलाच बंदी आहे, त्यामुळे दुकानात भारतातलेच खूप दिसतात. मी माझा घेतला तो इथेच एका घरातलं सामान विकायला काढलं होतं तिथून, जुना हेरीझ, वापरलेला, एक कड रफू केलेली. जुना घ्यायला घाबरू नका एवढंच सांगायचंय, लव समान झिजलेली असेल, ताणा कुजलेला नसेल तर जुना गालिचा नव्यापेक्षा देखणा दिसतो. ताणा कुजलाय का ते बघायला थोडासा भाग दोन्ही हातांनी हलकेच वळवायचा, कट्कट आवाज आला तर सोडून द्यायचा. पण मुद्दाम जुना 'दिसणारा' केलेला वेगळा, चहासारख्या पाण्यात बुडवून पिवळट करतात, त्याची पांढरी झालरसुद्धा एकसारखी तपकिरी होते, त्यावरून ओळखू येतो.

आणि ऊन! बाल्कनीचं थेट ऊन पडत असेल तर जागा बदला किंवा दर सहा महिन्यांनी गालिचा फिरवून टाका. लंडनला व्ही अँड ए म्युझियममध्ये अर्दबीलचा गालिचा आहे, त्यावर विणकरानेच साल विणलेलं आहे, आपल्या हिशेबाने १५३९-४०. रंग जपायला तिथे दर अर्ध्या तासाने फक्त दहा मिनिटं दिवे लावतात. मी ते दिवे लागायची वाट बघत उभी होते आणि लागल्यावर खरंच डोळे भरून आले, माणसाच्या हाताने इतकं होतं?

रानवारा

श्रीनगरच्या खरेदीबद्दल मी लिहितो, बँकेच्या नोकरीत तिकडे पोस्टिंग होतं आणि घरमालकांच्या नात्यातले लोक याच धंद्यात होते.

सगळ्यात आधी ड्रायव्हर, हाउसबोटवाला, शिकारावाला यांच्याबरोबर गालिच्याच्या दुकानात जाऊ नका. माणसं वाईट म्हणून नाही, त्यांचं कमिशन तुमच्या किमतीत चढतं म्हणून. हेच आग्र्यात, जयपुरात, दिल्लीतही. आधी सरकारी आर्ट्स एम्पोरियममध्ये जा, भाव ठरलेले असतात, कोणी मागे लागत नाही, निवांत उलटेपालटे करून बघा, हात बसवा. तिथे काही घ्यायलाच हवं असं नाही, पण त्यानंतर खासगी दुकानात गेलात की समोरचा काय बोलतोय ते कळायला लागतं. श्रीनगरला जायच्या आधीच बघायचं असेल तर मुंबईत कुलाब्याला कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम आहे, दिल्लीला जनपथवर आहे.

दुसरं, जीआय लेबल, म्हणजे भौगोलिक मानांकन, माल त्याच भागातला असल्याची सरकारी नोंद. काश्मिरी हँड-नॉटेड गालिच्याला जीआय मिळालंय आणि २०२२ पासून क्यूआर कोडचं लेबल सुरू झालंय. गालिचा लॅबमध्ये तपासून ते लावतात, स्कॅन केलं की कोणी विणला, कुठल्या जिल्ह्यात, माल काय, गाठी किती ते सगळं दिसतं. प्रत्येक चांगल्या गालिच्यावर ते असेलच असं नाही, पण पहिल्याच खरेदीला मी तरी लेबलवालाच घेईन.

तिसरं सिल्क. इथे मी ताणाबाणांशी थोडा असहमत आहे. काश्मीरची खरी कमाल सिल्कमध्येच आहे, लोकरीत तो बारकावा उतरत नाही. तिकडे विणकर नक्षीचा कागद समोर ठेवून विणत नाहीत, तालीम असते, म्हणजे कागदाच्या लांब पट्ट्यांवर सांकेतिक खुणा, कुठल्या रंगाच्या किती गाठी, एक जण ती मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकून गाठी मारत जातात. चित्र त्यांच्यासमोर नसतंच. मागासमोर बसून ते ऐकलंय मी, आणि समोर हळूहळू एक फूल उमलताना बघितलंय. म्हणतात की सुलतान झैन-उल-आबिदीनच्या काळात, म्हणजे पंधराव्या शतकात, इराण-समरकंदकडून कारागीर आले आणि हे रुजलं. जमलं तर विणकराचं घर, माग प्रत्यक्ष बघा, श्रीनगरच्या जुन्या शहरात, बडगामकडे अजून माग आहेत. ते बघितल्यावर भाव करताना माणूस जपून बोलतो.

तर हॉलमध्ये लोकर ठीक, पण बेडरूममध्ये किंवा भिंतीवर २ बाय ३ चा छोटा सिल्क घ्या असं मी म्हणेन. मात्र 'स्टेपल', 'आर्ट सिल्क', 'बांबू सिल्क', 'बनाना सिल्क' हे काही रेशीम नव्हे. बांबू सिल्क म्हणजे व्हिस्कोस, लगद्यापासून कारखान्यात केलेला धागा. दिसायला चकाकतं, पण पाणी पडलं की लव चिकटते, पिवळे डाग पडतात आणि ते जात नाहीत. दुकानदार गालिचा गर्रकन फिरवून दाखवतो ना, 'देखो साब इधर से लाइट, उधर से डार्क', तर व्हिस्कोससुद्धा तसंच दिसतं, त्याने काहीही सिद्ध होत नाही. तळव्याने चोळून गरम लागतं का बघा म्हणतात, त्यावरही मी विसंबणार नाही. लवेतला एक-दोन धागा त्याच्याकडूनच काढून घ्या आणि जाळून बघा. रेशीम नि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, राख बोटाने चुरडते. व्हिस्कोस किंवा सूत कागदासारखं जळतं. पॉलिस्टर, नायलॉन वितळून टणक मणी होतो. झालरीचा धागा जाळू नका, झालर ताण्याची असते, ताणा सुती आणि लव रेशमी हा काश्मीरमध्ये नेहमीचाच प्रकार आहे.

चिमणपाखरू

बापरे, किती माहिती! सगळ्यांचे मनापासून आभार. आता ताजी गंमत, आमच्या टूरवाल्याने एका दुकानाचा नंबर दिला होता, त्यांनी व्हॉट्सॅपवर फोटो पाठवलेत. '५ बाय ८, प्युअर सिल्क, हँड-नॉटेड, १८ बाय १८, लास्ट पीस, ४५ हजार फायनल, ॲडव्हान्स पाठवा आत्ता बुक करतो' असं म्हणतायत. दिसायला इतका सुंदर आहे की नवरा म्हणतोय लगेच पैसे पाठवू. रानवारा, ताणाबाणा, तुम्हाला काय वाटतं? फोटोत मागची बाजू नाहीये.

ताणाबाणा

अजिबात पाठवू नका. मी नुसता हिशेब मांडतो.

१८ बाय १८ म्हणजे एका चौरस इंचात ३२४ गाठी. ५ बाय ८ म्हणजे ४० चौरस फूट, म्हणजे ५७६० चौरस इंच. गुणाकार केलात तर साडेअठरा लाखांहून जास्त गाठी होतात. कसलेला विणकर दिवसाला साधारण ६ ते १० हजार गाठी मारतो, आपण ८ हजार धरू. एका माणसाचे २३३ दिवस झाले. आता ४५ हजारातून रेशमाचा खर्च शून्य, रंगाई शून्य, धुलाई, कातरणी, दुकानदाराचा नफा, टूरवाल्याचं कमिशन सगळं शून्य धरलं आणि आख्खे पैसे विणकराच्या हातात ठेवले तरी त्याला दिवसाला १९३ रुपये पडतात. असा गालिचा कोणीही विकू शकत नाही. म्हणजे एक तर तो रेशमी नाही, नाहीतर १८ बाय १८ नाही, नाहीतर गाठींचाच नाही.

हा हिशेब कागदावर लिहून खिशात ठेवा. कुठलाही गालिचा दाखवला की आकार नि गाठी विचारायच्या आणि दिवस काढायचे. स्वस्त पडतोय म्हणून जो आनंद होतो तो या आकड्यापुढे टिकत नाही, आणि खऱ्याची किंमत जास्त का ते पटतं. तुमच्या बजेटमध्ये ५ बाय ८ हवा असेल तर लोकर, आणि गाठी कमी, म्हणजे इंचाला १० बाय १० च्या आसपास. त्यात मोठी, मोकळी नक्षी सुंदर दिसते. बारीक नक्षीच हवी असेल तर आकार कमी करा, ३ बाय ५ किंवा ४ बाय ६. दोन्ही एकदम मिळणार नाही.

आणि एक विषय राहिला होता. भदोहीचं नाव काढलं की बालमजुरीचा प्रश्न येतो आणि यायलाच हवा. १९९४ मध्ये रगमार्क सुरू झालं, बालमजुरी न वापरता विणलेल्या गालिच्यांसाठी, २००९ पासून त्याचं नाव गुडवीव्ह. ते लेबल प्रामुख्याने बाहेर देशी जाणाऱ्या मालावर दिसतं, पण दुकानदाराला विचारा. विचारणारी गिऱ्हाइकं वाढली तरच त्या पोरांना शाळा मिळेल, माझं हे फार मनापासूनचं सांगणं आहे. भदोहीच्या गालिच्यालाही २०१० पासून जीआय आहे, त्यामुळे काश्मिरी नाही म्हणून कमी दर्जाचा असं समजू नका. लोकरीत तर पैशाच्या मानाने भदोहीला तोड नाही.

जर्सीवाली

तो २३३ दिवसांचा हिशेब वाचून मी उठून माझ्या गालिच्याकडे बघून आले.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितेय, आमच्याकडे दमटपणा म्हणजे काय ते विचारू नका, त्यामुळे पावसाळ्याचं माझ्याकडून घ्या.

पाऊस नव्हे, खरा शत्रू म्हणजे कसर, लोकर खाणारी कीड. लोकरीला नि रेशमाला दोन्हीला लागते, आणि लागते कुठे, तर सोफ्याखाली, कपाटाखाली, जिथे अंधार असतो आणि झाडू पोचत नाही. म्हणून महिन्यातून एकदा सोफा सरकवून ती बाजू साफ करायचीच, मागूनही. गालिचा वापरात असला की कसर सहसा लागत नाही, गुंडाळून माळ्यावर टाकला की लागते. पावसाळ्यात गुंडाळून ठेवणारच असाल तर आधी पूर्ण कोरडा करा, घडी घालू नका, सुरळीच करा, जुन्या सुती चादरीत गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नाही, आत दमट राहून बुरशी येते. कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतो आम्ही, पण पाल्याने आधीच लागलेली कसर जात नाही हं, उघडून बघत राहायला लागतं. पाऊस संपला की सकाळच्या उन्हात उलटा टाकायचा, तासाभराने उचलायचा.

व्हॅक्युम करताना फिरत्या ब्रशचं तोंड लावू नका, नुसतं ओढणारं, लवेच्या दिशेने, आणि झालरीवरून कधीच नाही. दूध सांडलं तर घासायचं नाही, सुती फडक्याने टिपायचं, थोडं थंड पाणी, परत टिपायचं, आणि खालून हवा लागेल असा उचलून वाळवायचा. खालून ओला राहिला तर सुती ताणा कुजतो.

रंग जातो का ते दुकानातच बघून घ्या, पांढरा रुमाल ओला करून लाल नि निळ्या भागावर अर्धा मिनिट दाबून धरायचा. रुमालावर रंग उतरला तर घेऊ नका, पहिल्याच धुलाईत तो लाल पांढऱ्यात पसरणार.

आणि मला विचाराल तर ४ वर्षांच्या मुलाच्या घरात आत्ता चांगली दरी घ्या. आपल्याकडे सुती दऱ्या, सतरंज्या काय कमी आहेत? वारंगळच्या, नवलगुंदच्या दऱ्या बघा, दोन्हींना जीआय आहे. दोन्ही बाजूंनी वापरता येते. मूल मोठं झालं की गालिचा.

रानवारा

मांडवीकाठ, दरीबद्दल अनुमोदन, पण मूल आहे म्हणून गालिचा थांबवू नये असं मला वाटतं. काश्मिरात लहान पोरं गालिच्यावरच रांगतात. मऊ, उबदार, पडलं तरी लागत नाही. गडद जमीन आणि भरगच्च नक्षी घेतली की डागही लपतात.

जुनापुणेकर

चर्चा वाचून आनंद झाला म्हणून एक भर. आपल्या येरवड्याच्या तुरुंगातही इंग्रजांच्या काळात गालिचे विणले जात, कैद्यांकडून. आग्रा, लाहोर, येरवडा, असे बरेच तुरुंग होते आणि तिथलं काम उत्तम समजलं जाई. आग्र्याच्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला अवाढव्य गालिचा अजून विंडसर कॅसलमध्ये आहे. येरवड्याचे जुने गालिचे आज परदेशी लिलावांत विकले जातात. ज्यांनी ते विणले त्यांची नावं कुठेच नाहीत, म्हणून रानवारांनी सांगितलेलं ते विणकराच्या नावाचं लेबल मला फार मोलाचं वाटलं.

सासूबाईंसाठी, गालिच्याखाली रबराची किंवा फेल्टची जाळी येते ती टाकाच. व्हिट्रिफाइडवर गालिचा सरकतो. जाळी गालिच्यापेक्षा चारही बाजूंनी इंच-दोन इंच लहान कापायची म्हणजे कड जमिनीला टेकते, पाय अडकत नाही. झालर लांब असेल तर ती त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर येणार नाही असा टाका. फार जाड लवेचाही नको, काठी किंवा वॉकर असेल तर अडतो.

चिमणपाखरू

काय सांगू, इतकं कोणी मनापासून लिहीत नाही हो. ताणाबाणांचा हिशेब नवऱ्याला वाचून दाखवला, दोन मिनिटं गप्प बसला आणि त्या दुकानाला 'मागच्या बाजूचा फोटो पाठवा' असा मेसेज केला. अजून उत्तर नाही. ॲडव्हान्स अर्थातच पाठवला नाही.

आमचं ठरलंय ते असं. हॉलमध्ये जुन्या वर्तमानपत्रांचे कागद जोडून आधी ४ बाय ६ आणि मग ५ बाय ८ अंथरून बघितलं. ४ बाय ६ सोफ्यापुढे तरंगल्यासारखा दिसत होता, ५ बाय ८ मध्ये सोफ्याचे पुढचे पाय त्यावर येतात आणि हॉल एकदम जमून येतो. म्हणून लोकरीचा ५ बाय ८, गाठी कमी चालतील, गडद निळा किंवा विटकरी. श्रीनगरला एम्पोरियममध्ये बघू, बजेटमध्ये लेबलवाला नाही मिळाला तर परत येऊन भदोहीचा घेऊ. सासूबाई म्हणाल्या, मागावर बसलेली माणसं बघायला मिळणार असतील तर गुडघे दुखले तरी मीपण येते. त्यामुळे आता तिकीट त्यांचंही काढतोय.

शेवटचा प्रश्न. तिथे आवडला तर विमानात आणायचा की कुरियरने पाठवायला सांगायचा? आणि भाव करताना काय म्हणायचं, मला ते अजिबात जमत नाही.

रानवारा

५ बाय ८ लोकरीचा जड होतो, विमानाच्या साध्या बॅगेजमध्ये बहुतेक बसणार नाही, जादा वजनाचे पैसे आधी विचारून ठेवा. शक्य असेल तर बरोबरच आणा. कुरियरनेच पाठवणार असाल तर तिथेच तुमच्यासमोर मागच्या बाजूला कोपऱ्यात पेनने सही करा, मागच्या बाजूचे जवळून फोटो काढा, क्यूआर लेबलचाही. बिल पक्कं, त्यावर आकार सेंटिमीटरमध्ये, गाठी, लव कशाची, ताणा कशाचा, कुठे विणला, सगळं लिहून घ्या. घरी पोचल्यावर पॅकिंग उघडतानाचा व्हिडिओ काढा.

भाव खासगी दुकानात करायचा तर पूर्ण रकमेवर नको, चौरस फुटाचा दर विचारा. मग दोन दुकानांतला सारखा माल सरळ शेजारी ठेवून बघता येतो आणि 'हा महाग का' असं विचारता येतं. चांगला दुकानदार उलटा करून कारण दाखवतो. कहवा पाजतील, तो निवांत प्या, त्याने घ्यायलाच हवं असं बंधन येत नाही. आवडलेला असेल तर त्या दिवशी घेऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा आणि दाराशी, उजेडात अंथरायला सांगा, दुकानातल्या पिवळ्या दिव्यांत निळा नि हिरवा वेगळेच दिसतात.

ताणाबाणा

सकाळच्या उजेडाचं अगदी बरोबर. आणि उजेडात रंगाच्या पट्ट्यात मध्येच फिकट-गडद छटा दिसली तर तो दोष समजून परत करू नका. लोकर थोडी थोडी रंगवतात, एका घाण्याचा रंग दुसऱ्यासारखा तंतोतंत येत नाही, त्याला अब्राश म्हणतात. फक्त चौकोनी बघा, चारही कोपरे जमिनीला टेकतायत ना, आणि दोन्ही टोकांची रुंदी टेपने मोजा, दोन-तीन सेंटिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर मागाचा ताण बिघडलेला असतो, असा गालिचा जमिनीवर कधीच सपाट बसत नाही.

सासूबाईंना माग बघायला नक्की न्या. तालीम वाचणारा असेल तर थोडा वेळ नुसतं ऐकत बसा म्हणावं.

चिमणपाखरू

टेप, पट्टी, पांढरा रुमाल, काडेपेटी दुकानात मागायची कारण विमानात नेता येत नाही, आणि हिशेबाचा कागद. यादी फ्रिजवर लावली. जूनमध्ये फोटो टाकते, मागच्या बाजूचाही.